पाय धुण्याचा कार्यक्रम

तिने माझे पाय हातात घेतले नाहीत. वरून पाणी ओतलं.

बाकी सगळ्यांनी घेतले होते. आमच्या मजल्यावरच्या मुली गोल बसलेल्या, मध्ये निळा प्लॅस्टिकचा टब, शेजारी कोमट पाण्याचा जग. आमच्या मेंटॉर शीला मिस म्हणाल्या होत्या, प्रभू येशूने गुरू असून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आपल्या हाऊसची सुरुवातही अशीच. चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या. एकेक मुलगी समोरचीची टाच तळहातावर घ्यायची, बोटांमधून पाणी फिरवायची, टॉवेलने टिपायची. कुणी लाजत होतं, कुणाला गुदगुल्या होत होत्या. मग ऋताची पाळी आली आणि तिच्यासमोर मी. तिने जग उचलला, हात लांब केला आणि कुंडीतल्या रोपाला घालावं तसं माझ्या पायांवर पाणी घातलं. टॉवेल माझ्या मांडीवर टाकला.

म्हणाली, "पुसून घे तू. मला स्किनचा त्रास आहे."

नंतर मी तिचे धुवायचे होते. मी टबाकडे सरकले तर तिने पाय दुमडून घेतले. "राहू दे गं, मी आत्ताच आंघोळ केलीये."

सगळ्यांनी बघितलं. कुणीच बघितलं नाही. मी हसले. काय करावं सुचेना म्हणून हसले, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. त्याच संध्याकाळी ऋताने शेजारच्या पलंगावरच्या मुलीच्या डोक्याला तेल चोळून दिलं, चांगलं खसाखसा. स्किनला काही झालं नाही.

आमचं कॉलेज वारज्याच्याही पुढे, टेकडीला लागून. ख्रिस्ती संस्थेचं, नाव असलेलं. घर पुण्यात असलं तरी पहिलं वर्ष आवारातच राहायचं, हा नियम. प्रत्येक मजला एका विषयाला दिलेला. कुणाचं संगीत हाऊस, कुणाचं पर्यावरण हाऊस, आमचं सेवा हाऊस. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, त्या विषयाचा एक तास एकत्र बसायचं आणि आठवड्यातून एकदा गोल करून मन मोकळं करायचं. मी आईला फोनवर सांगितलं, मला सेवा हाऊस मिळालं. ती म्हणाली, "सेवा तर आपण पिढ्यानपिढ्या करत आलोय. त्याचापण आता क्लास निघाला का?"

आई असं बोलते. बिबवेवाडीत दोन खोल्यांचं आमचं घर, पप्पा बसवर कंडक्टर. मला मायक्रोबायॉलॉजी शिकायचं होतं आणि या कॉलेजची लॅब मला हवी होती. प्रवेश मिळाला त्या दिवशी पप्पांनी चाळीत पेढे वाटले. पण पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगितलं होतं, पहिल्या वर्षात हाऊस सुटलं की कॉलेज सुटलं. माझा जीव त्या एका वाक्यात अडकला होता. ऋता काही का करेना, मला तिथं टिकायचं होतं.

ऋताला कळलं कसं, ते मला माहीत आहे. आदल्या दिवशी पप्पांचा फोन आला होता. ठेवताना मी नेहमीसारखं "जय भीम पप्पा" म्हणाले. ऋता माझ्याच खोलीत, पलंगावर चादर घालत होती. तिचा हात थांबला. एवढंच. मग तिने गोड आवाजात माझं आडनाव विचारलं.

त्यानंतर भीती माझ्या अंगात राहायलाच आली. जेवायला जाताना मनात एकच. कुठल्या खुर्चीवर बसू, कुणाच्या बाटलीला चुकून हात लागेल का. ऋता कधी वाकडं बोलली नाही. तिचं सगळं कसं गोड. माझ्याकडची चटणी तिला ॲसिडिटीमुळे चालायची नाही, तिच्याकडचे लाडू नेमके माझ्यापाशी येऊन संपायचे. यात तक्रार कशाची करणार? सांगायला गेलं तर मीच खुळी ठरणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मी पप्पांशी बोलताना फोन ठेवायच्या आधी "बाय" म्हणायला लागले. दोन-तीनदा पप्पांनी चालवून घेतलं. मग एकदा म्हणाले, "काय गं, जय भीम विसरलीस का?"

"नाही पप्पा. घाईत आहे."

"बरं," ते म्हणाले. त्या "बरं"ने मला जेवण गेलं नाही.

मग संस्थेच्या वार्षिक दिनाचं ठरलं. विश्वस्त येणार, पाहुणे येणार, प्रत्येक हाऊसने चॅपलमध्ये काहीतरी सादर करायचं. आमच्या हाऊसने अर्थातच पाय धुणं. एक मुलगी धुणार, एकीचे धुतले जाणार. बैठकीत ऋता म्हणाली, "मिस, मी करते. आणि समोर ही असू दे. वेगळ्या बॅकग्राउंडची असेल तर इम्पॅक्ट येतो."

ही म्हणजे मी. मी समोरच बसले होते. कुणी मला विचारलं नाही. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी शीला मिसच्या खोलीत गेले. म्हणाले, "मिस, माझ्याऐवजी दुसरं कुणी चालणार नाही का?"

"का गं?"

मी सांगितलं. जग, टॉवेल, दुमडलेले पाय. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, शब्द अडखळत होते. मिसनी उठून दार लावलं.

"मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग मिस?"

"मी नगरकडची. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले. त्याआधी ते कोण होते, ते तुला सांगायला नको. इथं स्टाफरूममध्ये मी कधी बोलले नाही. बोलायचं नसतं, बाळा. गप्प राहिलं की निभतं. माझं निभलं ना?"

बोलताना त्यांचं लक्ष दाराकडे होतं. दार तर त्यांनीच लावलेलं. बाहेर मावशींची बादली वाजली तशा त्या दचकल्या. नेटकी साडी, भिंतीवर पदव्या, हाताखाली मोठं खातं, आणि बादलीच्या आवाजाने दचकणारी बाई. मला वाटायचं, शिकलं, नोकरी लागली की ही भीती संपते. यांची तर माझ्याहून मोठी होती. मला मिसचा राग आला नाही. मला त्यांच्या खुर्चीत मीच दिसले आणि मी हादरले. ऋताची भीती वाटत होती त्याच्या कितीतरी पट मला त्या खुर्चीची वाटली.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. खोलीत सगळ्या होत्या. ठेवताना म्हणाले, "जय भीम पप्पा." आवाज चिरकला. पण म्हणाले.

वार्षिक दिनाला प्लॅस्टिकचा टब नव्हता. पितळेचं गंगाळ होतं, घासून लखलखीत केलेलं. चॅपल भरलेलं. मला खुर्चीवर बसवलं. ऋता पांढऱ्या कुर्त्यात माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली, एकजण कॅमेरा घेऊन अगदी जवळ आला. निवेदिका माइकवर म्हणत होती, इथे कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. ऋताने दोन्ही हात पुढे केले. हसतमुख.

हळूच म्हणाली, "शूज काढ ना."

माझ्या आजोबांना गावात चावडीसमोरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. पप्पांनी मला हे एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगायची वेळ येऊ नये अशा आवाजात. आजोबांनी धम्म स्वीकारला तो अशा गोष्टींतून सुटण्यासाठी. आज मला मान द्यायचा म्हणून पायातलं काढायला सांगत होते. पण काढायचं आम्हीच.

मी काढले नाहीत.

"काढ ना," ऋता पुन्हा म्हणाली. हसू तसंच, डोळे मात्र बदललेले.

मी म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्या पायांना हात लावला नाहीस. आज लोक बघतायत म्हणून लावू नकोस."

समोर माइक होता हे माझ्या लक्षात नव्हतं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ऋता म्हणाली, "मला खरंच स्किनचा..." आणि रडायला लागली. चार मुली धावल्या, तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी खुर्चीवर तशीच. लोकांना वाटलं असेल काय धीट पोरगी. खरं सांगायचं तर पाय इतके लटपटत होते की उठताच आलं नसतं. शीला मिस पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली, ती वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. आता पेटी भरायची, पप्पांना न्यायला बोलवायचं, चाळीत तोंड कसं दाखवायचं. पण सर मऊ बोलले. चहा मागवला.

"बेटा, प्रवेशाच्या वेळी तू पर्यावरण हाऊस मागितलं होतंस ना? तिथे एक जागा झाली आहे. उद्याच शिफ्ट हो. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. ऋताचे आईवडील येऊन गेले, तेही समजूतदार आहेत. विषय इथेच मिटवू."

हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. कॉलेज टिकलं असतं, लॅब टिकली असती. नुसतं हो म्हणायचं होतं. मी चहाला हात लावला नाही.

"सर, माझी काही चूक आहे का?"

"तसं कोण म्हणतंय? वातावरण बिघडतं एवढंच."

"मी बिघडवलं असेल तर मला कॉलेजातून काढा. नसेल तर मी का हलू?"

सर म्हणाले, "अहो, आपण फारच शहाण्या आहात. याचा परिणाम कळतो का आपल्याला?"

इतका वेळ बेटा होते, आता आपण झाले. पुण्यात या "आपण"चा अर्थ काय होतो ते मला चांगलं कळतं.

"कळतो," मी म्हणाले.

निर्णय अजून आलेला नाही. कुठल्याही दिवशी येईल. जिन्यात शिपाईकाकांची चप्पल वाजली की माझं लक्ष दाराकडे जातं. जेवताना माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी मधल्या खुर्चीवर बसते, पोटभर जेवते, दुसऱ्यांदा भात मागून घेते. भीती गेलेली नाही. ती जाईल म्हणून मी थांबणारही नाही. मला इथून घालवायचं असेल तर त्यांना कारण सांगावं लागेल, जे आहे ते, माझ्या तोंडावर, पप्पांना समोर बसवून. ते सांगायची हिंमत त्यांनी करावी. आपणहून मी हलणार नाही.