वेळूच्या टोकावरचा मोबाइल

मी पत्रकं लिहितो, म्हणून आधी संताप. धाकट्या बहिणीची नर्सिंगची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरला. हॉलतिकीट वेबसाइटवर दिसत होतं, पण पानावर पाटी आडवी पसरलेली: ‘आमचं ॲप घ्या.’ आणि गावातून एकच एसटी, दुपारची.

आमच्याकडे रेंज जमिनीवर उतरत नाही. टेकडीवर जायचं, मोबाइल पिशवीत घालून वेळूच्या टोकाला बांधायचा, वेळू उभा धरायचा, पान उघडलं की खाली घ्यायचा. पण ही पाटी हटवायला बोट लावावं लागे. बोट लावायला खाली घेतला की रेंज गेली, वर नेला की पाटी पुन्हा हजर. ॲप घ्यावं, तर ते उतरता उतरेना. कोण ठरवतं हे? कोणासाठी? बहीण तिचा मोबाइल घेऊन उभी, आणि मी टेकडीवरच तावातावाने बोलू लागलो.

“भाषन मंग देजो गा,” शेजारचे भाऊ म्हणाले. “माहा मोबाइल वर चढव, हॉटस्पॉट लावून देतो. तुमचा खालीच राहू दे.”

त्यांची बायको तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. जेवणाच्या सुट्टीत ती मुकादमाच्या फोनवरून बोलायची. तेवढ्यासाठीच ते टेकडीवर येऊन बसले होते.

बहिणीने खालीच बोट लावून पाटी हटवली आणि हॉलतिकीट मुंगीच्या चालीने उतरू लागलं. तेवढ्यात वर रिंग वाजली.

“भाऊ, घ्या ना खाली,” बहीण म्हणाली. “वहिनी असन.”

“तेच हाये. खाली घेतला का तुह्यं तुटते. वाजू दे.”

रिंग थांबली. पुन्हा वाजली. वेळू दोन्ही हातांनी घट्ट धरून ते बहिणीच्या मोबाइलकडेच बघत राहिले. हॉलतिकीट आलं, तोवर तिकडची सुट्टी संपलेली. त्यांनी उलटा फोन लावला, तो कोणी उचलला नाही.

“जा पोरी, गाडी निंगून जाईन,” एवढंच म्हणाले.

बहीण आता नर्सिंग शिकते आहे. पाटीवाल्यांविरुद्धचं पत्रक मी लिहिणारच, सोडणार नाही. पण त्याआधी या माणसाचे आभार कागदावर यायला हवेत. तोंडावर मानले, तर ते विषय बदलतात.

वहिनी परत आल्या, तेव्हा मजुरीत मिळालेल्या मिरच्यांतल्या ओंजळभर आमच्या सुपात टाकल्या.

“माहा फोन नाई उचलला यायनं,” त्या म्हणाल्या. “पोरगी पास झाली म्हनून सोडलं. नापास झाली असती ना, तं ह्याच मिरच्या यायच्या डोळ्यात घातल्या असत्या.”