चाचांच्या घशातलं निळं पाणी

भूल देणाऱ्या डॉक्टरला आमच्या बुलढाणा जिल्ह्यात स्वतःचं हॉस्पिटल नसतं, स्वतःची पेटी असते. ती डिकीत टाकून मी सकाळी मेहकरला सिझर, दुपारी चिखलीला हर्निया, अशी वीस वर्षं फिरते आहे. इतक्या ऑपरेशन थिएटरांत उभं राहिल्यावर एक दुखणं जडतं, समोरचा प्रत्येक जण मूर्ख वाटायला लागतो. मला ते जरा लवकरच जडलं.

एका तालुक्याच्या गावच्या कान-नाक-घसा सर्जननी लेझर मशीन घेतलं तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मशीन लहान आणि डॉक्टर मोठे होते. मशीनला हार घातला, कुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला. नारळाचं पाणी पायाच्या पेडलवर उडालं, ते मात्र मलाच पुसावं लागलं. पेढा खाता खाता मी विचारलं, "नळीचं काय केलंत?"

"कसली नळी?"

भूल दिलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत आम्ही प्लास्टिकची नळी घालतो, तिच्यातून ऑक्सिजन जातो. स्वरयंत्रावरची गाठ लेझरनं काढायची तर किरण त्या नळीला अगदी चिकटून चालतो. चुकून नळीवर पडला तर प्लास्टिक पेटतं, आणि आत ऑक्सिजन असल्यामुळे माणसाच्या छातीतच शेगडी लागते. यासाठी धातूची खास नळी मिळते. सर्जनच्या खरेदीच्या यादीत ती नव्हती. हार होता.

"मॅडम, लेझर मी मारणार, गाठीवरच मारणार. नळीवर कशाला मारीन?" ते म्हणाले. मग उदार होऊन पुढे म्हणाले, "फारच वाटत असेल तर घरून पोळ्या गुंडाळायची फॉइल आणतो."

पोळ्यांना श्वास घ्यायचा नसतो, असं मी म्हटलं, पण मनातच.

पहिले पेशंट ठरले भाजीबाजारात हर्रासाची बोली पुकारणारे एक चाचा. मेथी-वांग्यांच्या ढिगांमध्ये उभं राहून ओरडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वर्षभरात आवाज घोगरा होत होत नुसती हवा उरली होती आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस पुकारू लागला होता. तपासताना ते कुजबुजले, "आवाज नाही तं बाजारात कायले जाव, मॅडम? नुसतं उभं राहाले?"

खास नळी येईपर्यंत थांबा, असं मी ठणकावून सांगायला हवं होतं. मी नाक मुरडलं आणि स्वतःची हुशारी दाखवायला बसले. साध्या नळीवर पेटीतली धातूची चिकटपट्टी वेढे देऊन गुंडाळली. नळीच्या टोकाला एक फुगा असतो, तो श्वासनलिकेत नळी घट्ट बसवतो. त्याला पट्टी लावता येत नाही. म्हणून त्यात हवेऐवजी निळं औषध मिसळलेलं सलाईन भरलं. फुगा फुटलाच तर निळं दिसेल आणि पाणी आगही विझवेल. त्यावर ओलं गॉज, म्हणजे जखमेवर लावतात ते जाळीदार कापड, ठेवायचं, म्हणजे किरण गॉजवरच अडेल. ऑक्सिजनही जेमतेम ठेवला. सगळं मी सर्जनना अशा सुरात समजावलं की शाळेतला इन्स्पेक्टरही बरा.

समजावलं नाही ते सिस्टरला. तिला काय समजावायचं, गॉज भिजवून तर द्यायचं, असं मला वाटलं.

दहाव्या मिनिटाला चाचांच्या घशातून धुराची बारीक रेघ निघाली आणि मागोमाग निळं पाणी. मी ऑक्सिजन बंद केला, नळी खेचून काढली, घशात सलाईन ओतलं, ते ओढून घेऊन दुसरी नळी घातली. श्वास परत सुरू झाल्याचं दिसेपर्यंत सर्जन पुतळ्यासारखे उभे होते. फुग्याला टाचणीएवढं भोक होतं आणि गॉजची कड काळी पडली होती. मी ते बोटांत धरलं. कोरडं होतं.

"पिळून देल्लं ना मी," सिस्टर म्हणाली. "टॉन्सिलच्या टायमाले पिळूनच देतो. वल्लं गॉज घशात ठेवलं तं पानी फुफ्फुसात नाही जात का?"

टॉन्सिलसाठी तिचं शंभर टक्के बरोबर होतं. हात लावून बघायला मला एक क्षण लागला असता, पण तो मी सर्जनना शिकवण्यात घालवला.

शुद्धीवर आल्यावर चाचा निळं खाकरले. चाची घाबरून धावत आल्या. "हे निळं काय निंघून राह्यलं?"

"रोग," सर्जन म्हणाले. "लेझरनं मुळापासून बाहेर काढला."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसले, वर मानही हलवली.

जळलं होतं ते नळीपुरतं, चाचा बचावले. महिन्याभरात आवाज परत आला आणि त्या आवाजात त्यांनी पहिली बोली पुकारली ती आमच्या कीर्तीची. भर बाजारात सांगत, रोग निळा राह्यते, मशीननं तो भाइर निंघते. पुढच्या ऑपरेशनला धातूची नळी आली होती, गॉज मी स्वतः भिजवलं, काडीचीही चूक झाली नाही. तर जानेफळहून आलेल्या त्या पेशंट बाईचा मुलगा मला दारात अडवून विचारतो, "चाचाचं निळं निंघालं, आमच्या मायचं काऊन नाही निंघालं? अर्धंच केलं का?" आतून सर्जन हळूच म्हणाले, "थोडं निळं पाजून टाका ना मॅडम, त्यांचं समाधान."

त्या दिवशी मात्र मी गाडी तडक भाजीबाजारात नेली. हर्रास संपला होता. पोत्यावर बसलेल्या चाचांना मी सगळं सांगितलं, आग, फुगा, कोरडं गॉज, माझी मान. मग चाचा त्या नव्या, खणखणीत आवाजात म्हणाले,

"मंग तवाच काऊन नाही बोलल्या? आवाज तं माहा गेल्ता."