एकट्याचं सुकाणू

होडी आमच्या दोघांची होती. एका गलबतावरून टाकून दिलेली, तळाच्या दोन फळ्या कुजलेली. माझा दोस्त रे रोडच्या लाकडाच्या वखारीत सुतार होता, त्याने त्या फळ्या बदलल्या. मी परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर. शीड शिवलं मी. आम्ही एकाच गावचे, मालवणकडचे, लालबागला एकाच चाळीत समोरासमोर राहायचो. रविवारी तो सुकाणू धरायचा, मी शिडाची दोरी. तीन हिवाळे असे गेले.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि तो यायचा बंद झाला.

"सभा आहे रे," तो म्हणायचा. "तू जा एकटा."

"मीपण येतो सभेला."

"आणि होडी? किनाऱ्याला पडून सुकली तर फळ्या उकलतील. एकाने तिकडे बघायचं, एकाने इकडे."

मला माझीच लाज वाटायची. हा मुंबईसाठी उन्हात उभा राहतो आणि मी पाण्यावर हवा खातो. त्याची आई विचारायची, "खय गेलो रे?" तर मी छाती फुगवून सांगायचो, "काकी, तो मोर्चात आहे."

एकट्याने होडी हाकणं म्हणजे तीन हातांचं काम दोन हातांनी करणं. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, एक शिडाच्या दोरीवर. तळात पाणी आलं तर उपसायचं कशाने? दांडा सोडला की पाच श्वासांत होडी नाक वाऱ्याकडे फिरवायची, शीड फडफडायला लागायचं आणि ती जागच्या जागी थांबायची. दांडा घट्ट बांधून बघितला. वारा तेवढाच राहिला तर ठीक, पण वारा कधी तेवढाच राहत नाही. एकदा झोत आला, होडी कलंडता कलंडता वाचली आणि माझी भाकरी समुद्रात गेली.

युक्ती मला सापडली ती कामावर, मागापाशी उभा असताना. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, बीमला दोरीने बिडाचं वजन टांगलेलं असतं. सूत पुढे ओढलं गेलं की दोरी जरा ढील देते, पण सोडत नाही. मला वाटलं, दांड्यालाही असंच धरायला हवं. मी शिडाची दोरी एका कप्पीतून फिरवून दांड्याला वाऱ्याच्या बाजूने बांधली आणि उलट्या बाजूने सायकलची जुनी ट्यूब ताणून लावली. वाऱ्याने जोर केला की शीड दोरी ओढणार, दोरी दांडा ओढणार आणि होडी वाऱ्याकडे वळणार नाही. वारा पडला की ट्यूब दांडा परत आणणार.

चार रविवार गाठ पुढे-मागे करण्यात गेले. पाचव्या रविवारी मी हात काढून घेतले आणि होडी सरळ चालत राहिली. दांडा झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा जरासा हलत होता. मी पुढे जाऊन बसलो आणि एकटाच हसलो.

हे मी फक्त त्यालाच दाखवलं. तो मुद्दाम आला, कप्पी कुठे, ट्यूब किती ताणायची, सगळं हाताने चाचपून बघितलं. "डोकं आहे रे तुला," म्हणाला. मला बरं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरात गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई माझ्या दारात उभी. "काल सकाळी गेलो तो अजून येवक नाय. तू सांग, खय बघू?"

मी निघालो. परळचं इस्पितळ बघितलं, मग चालत गिरगाव. कर्फ्यू होता, गल्ल्यागल्ल्यांतून वाट काढत. जखमींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. एका इस्पितळात मला रक्ताने कडक झालेला एक सदरा दाखवला. बटणं वेगळी होती. मी भिंतीला टेकून खाली बसलो. दुसऱ्याचा मुलगा मेला होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी वखार गाठली. मुकादम म्हणाला, "तो? तो गोदीतल्या सायबाबरोबर रविवारीच पलीकडे मांडव्याला गेलाय, शिडाच्या बोटीने. दर रविवारी जातो की. तुला माहीत नाही?"

मी गेटवेजवळच्या पालवा बंदरावर जाऊन बसलो. दुपारी एक पांढरी बोट आली. मागे सुकाणूशी कोणीच नव्हतं. साहेब मध्ये पाय पसरून बसला होता, माझा दोस्त शिडापाशी उभा होता. आणि दांड्याला एका बाजूने दोरी, एका बाजूने काळी ट्यूब.

पायऱ्यांवर उतरताना साहेब ओळखीच्या कोणाला तरी मोडक्या हिंदीत सांगत होता, "ये हमारे मिस्त्री का दिमाग है." मिस्त्रीने मला बघितलं होतं. तो वाकून शीड गुंडाळायला लागला.

साहेब गेल्यावर मी म्हणालो, "काकी दोन दिवस जेवली नाही."

"तिला कोणी सांगितलं मी मोर्चात आहे म्हणून?"

"मी. तू मला सांगितलंस म्हणून."

तो बोटीकडे बघत राहिला. "साहेब गोदीत कायमची नोकरी लावतो म्हणालाय. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास."

"आणि दोरी? ती तुझं डोकं?"

"दोरीच आहे रे. दोरी काय तुझ्या एकट्याची?"

आम्ही घरी चालत आलो. चाळीच्या तोंडाशी पोरंबाळं, बायामाणसं जमली होती. काकीने त्याला मिठी मारली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "कर्फ्यूत अडकला होता."

तेवढं पुरलं. कोणीतरी हार आणला. त्याने मान वाकवून तो घालून घेतला. मी वाट बघत होतो, आता तरी बोलेल. तो हसला आणि हात जोडले.

नोकरी त्याला लागली, तो गोदीच्या चाळीत राहायला गेला. काकी मात्र लालबाग सोडून गेली नाही. महाराष्ट्र झाला त्या वर्षी, दिवाळीला, मी तिच्याकडे बसलो होतो. तो तेव्हा मोर्चात नव्हता, हे तिच्या कानावर कुठून तरी आलं होतं. चहा पुढे ठेवून तिने विचारलं, "तुका तेवाच म्हायत होता मां?"

मी होकाराची मान हलवली.

 ती माझ्या पुढ्यातली कपबशी उचलून आत घेऊन गेली. मी अजून एक घोटही घेतला नव्हता.