ठोंब्या कुणाचा

इस्त्रीवाल्या मावशींना जो कुत्रा चावला, तो त्यांनीच लहानाचा मोठा केलेला. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. तिथे कुत्र्याला परवानगी नव्हती, म्हणून ठोंब्याला त्यांनी दिराच्या फर्निचरच्या कारखान्यात राखणीला ठेवलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष सरलं. शेवटी गेल्या, तेव्हा तो जेवत होता. मोठा तुकडा त्याच्या घशात अडकायचा, म्हणून जुन्या सवयीने त्यांनी पाव कुस्करायला ताटलीत हात घातला. त्याने मनगट धरलं.

दिराने त्यांना ओढतच नळापाशी नेलं आणि साबण लावून जखम धुवायला घेतली.

"वहिनी, पंधरा मिनिटं हात काढायचा नाही. फडकं बांधायचं नाही."

दवाखान्यात जखमेभोवती औषध टोचलं, दंडात लशीचं पहिलं इंजेक्शन दिलं. पुढची इंजेक्शनं चुकवू नका आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं.

हात उजवा. इस्त्री बंद पडली, कपड्यांचे गठ्ठे साचले. आपला काळा कोट न्यायला आलेल्या वकीलबाई दुकानातच बसल्या.

"पोलिसांत तक्रार द्या. जखमेचे फोटो, दवाखान्याचे कागद, बिलं जपून ठेवा. कुणी पाहिलं त्यांची नावं घ्या. औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी, दोन्ही मागता येतं."

"दिराला कोर्टात खेचू? जाऊबाई आधीच माझ्या नावाने बोटं मोडतात."

"आधी नुसती नोटीस. बरेच जण नोटिशीलाच नरमतात."

मुलीचा होकार होता. घरभाडं आईच्या इस्त्रीवर निघत होतं. संध्याकाळी वकीलबाईंनी मसुदा वाचून दाखवला. 'सदर कुत्रा दिरांच्या मालकीचा असून माझा त्याच्याशी काहीही संबंध नाही,' इथे मावशींनी त्यांना थांबवलं.

"हे खोडा."

"मावशी, सगळी मदार त्यावरच आहे. कुत्र्याचा पालिकेचा परवाना अजून तुमच्या नावावर आहे. संबंध कबूल केलात, तर ते म्हणतील, स्वतःच्या कुत्र्याची भरपाई आमच्याकडे कसली मागता?"

"बरोबरच म्हणतील."

"अगं आई, तो तुला ओळखतसुद्धा नाही," मुलगी वैतागली.

"ओळखत नाही म्हणून माझा नाही होय? तुझे बाबा शेवटी कुणाला ओळखत होते?"

वकीलबाईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला. "उद्या तो आणखी कुणाला चावला, तर लोक तुमच्या दारात येतील, एवढं लक्षात ठेवा."

"येऊ देत. तोंडाचा तिखट आहेच तो."

नोटीस गेली नाही. दवाखान्याचं बिल दिराने आपणहून भरलं. जाऊबाईंनी त्यावरून दोन दिवस भांडी आपटली. मजुरी बुडाली ती बुडालीच. गठ्ठे मुलगी रोज कामावरून आल्यावर उरकू लागली.

ठोंब्या धडधाकट राहिला. दहा दिवस संपल्यावर मावशी कारखान्याच्या फाटकापाशी गेल्या. दिराने साखळी आखडून धरली. "वहिनी, लांबूनच."

त्यांनी हाक मारली. तो दात दाखवून भुंकू लागला. त्यांनी पुन्हा मारली. तो आणखी चेकाळला. मावशी बराच वेळ गजांना धरून उभ्या होत्या.

"आवाज बसलाय त्याचा," त्या दिराला म्हणाल्या. "पाणी भरून ठेवता ना रोज?"