तात्यांच्या खोकल्याचा काढा

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. पण निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा. मी घरी बियर करायला गेलो आणि माझ्या माळकरी घरमालकाला... थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मारुंजीत तात्यांच्या वरच्या खोलीत मी राहतो. एकट्या माणसाला तिथे खोली मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्याइतकंच अवघड. तात्यांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "दारूचा नुसता वास आला, तरी गाठोडं रस्त्यावर."

आणि मी काय करावं? त्याच खोलीत, गॅसवर बियर!

पहिली खेप अगदीच पांचट झाली होती. छोट्या भांड्यात माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या बार्लीचा, अर्क उकळायचा आणि वर नळाचं पाणी ओतायचं, मग दुसरं काय होणार? या वेळी सुधारणा करायचं ठरवलं. सगळं पाणी एकदम उकळायचं. काकवीसारखा दाट अर्क करपू नये म्हणून बराचसा शेवटी घालायचा. बर्फात ठेवून झटपट गार करायचं आणि भांडी अशी घासायची की जंतूंनी लाजून निघून जावं. अडचण एकच, एवढं मोठं पातेलं नव्हतं. ते खालून काकूंकडून, म्हणजे तात्यांच्या मंडळींकडून, मागून आणलं.

हॉप्सची कडू फुलं उकळीत पडली आणि वास खाली पोचला. काकू जिन्यात हजर.

"काय शिजवतुयास रं?"

"काढा, काकू. खोकल्याचा."

"मग आमच्या ह्यांना बी दे की. रातभर खोकत्यात."

आता नाही कसं म्हणणार? शिवाय दुसऱ्याचं पातेलं रिकामं परत करायचं नसतं, हे आईने लहानपणीच घोटून घेतलेलं. आणि ती अजून बियर नव्हतीच की. आंबवणारं यीस्ट पडेपर्यंत तो नुसता गोड-कडू रस असतो. यात पाप नाही, असं मनाला समजावलं. रस पाण्याच्या जारमध्ये ओतला आणि काकूंसाठी तांब्या-दोन तांबे पातेल्यात ठेवला.

तेवढ्यात खालून हाक आली. "पातेलं दे रं, पाव्हणं आल्यात."

माझी तारांबळ उडाली. यीस्टची पुडी फाडली, ओतली, ढवळली, जारला झाकण लावलं. पातेलं आणि रस भरून ठेवायला माझी एक रिकामी बाटली काकूंच्या हातात दिली आणि सुटलो.

दिवसांमागून दिवस गेले, जारमध्ये एक बुडबुडा नाही. मी कान लावून बसायचो. मग एका सकाळी दात घासताना लख्ख आठवलं. मागच्या खेपेला मी यीस्ट पातेल्यातच घातलं होतं आणि मग जार भरला होता. हाताला तीच सवय. या वेळी जार आधीच भरला होता, आणि पुडी पडली होती काकूंच्या पातेल्यात.

तोंडातल्या फेसासकट खाली धावलो. तात्या ओट्यावर बसलेले. गळ्यात माळ, हातात पेला, गाल लालबुंद.

"ये लेका. तुझा काढा लई गुणाचा हाय. आदी नुसता गुळमट लागायचा, आता कसा जिभंला चावतोय."

"झाकाण काढलं की फस्स करतंय," काकू म्हणाल्या. "खोकला ऱ्हायला बाजूला, परवा भजनात नाचलं हे."

खरं सांगावं तर गाठोडं रस्त्यावर. मी तोंडातला फेस तसाच गिळला. ते पाहून काकूंनी बाटली आणून दिली. "रिकामी कशी द्यायची? घोटभर ठिवलाय तुला. पी, तोंड बघ कसं उतारलंय."

प्यालो. अहो, काय बियर होती! माझ्या हातून जमलेली पहिली बियर, ती तात्यांनी संपवली होती. वर जारभर उरला होता तो खराखुरा काढा. आणि हा शेवटचा घोटसुद्धा मला औषध प्यायल्यासारखं तोंड वाकडं करून प्यावा लागला.

"त्वांड काय वाकडं करतुयास?" तात्या डाफरले. "आन् दुसरा काढा कर लौकर. न्हाईतर खोली खाली कर."