उसातल्या वाघाचं वजन

भुलीचा डार्ट भरायला घेतला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि वाघ केवढा आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी सरकारी पशुवैद्यक. वनखात्याला भूल द्यायला माणूस लागला की मला बोलावतात. पणदऱ्याच्या शिवारात ऊसतोड चालू होती. टोळीने चारी बाजूंनी तोडत आणलेला ऊस, मध्ये राहिलेला दीड-दोन एकरांचा तुकडा आणि त्या तुकड्यात वाघ. बिबट्या इथे रोजचाच. वाघ मात्र इथे आजवर कुणी पाहिला नव्हता. तोडलेल्या रानाच्या कडेलाच टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. बायका पोरांना कडेवर घेऊन ट्रॉल्यांवर चढून बसल्या होत्या.

रानाचे मालक तात्या म्हणाले, "म्याडम, अंधार पडायच्या आत काय करायचं ते करा. न्हायतर मी ऊस पेटवून देतो. जळीत म्हणून कमी भाव मिळाला तरी चालंल."

ऊस पेटवणं इथे नवीन नाही. पाचट जाळून तोड उरकतात. पण या वेळी आगीतून वाघ बाहेर आला असता तो सरळ कोप्यांवर.

त्यात आमच्या साहेबांचा फोन. "मॅडम, ड्रोनचा फोटो पाहिला? पांढरट आहे. व्हॉट्सॲपवर फिरतंय, कुणाच्या तरी फार्महाऊसवरून सायबेरियन वाघ सुटलाय. डोस वाढवा."

"सर, कुणी काहीही फिरवतं."

"आणि निघाला तर? कमी पडला डोस तर?"

इथे थोडं समजावून सांगते. उपप्रजाती म्हणजे एकाच जातीतली, लांब लांब राहून जराशी वेगळी झालेली घराणी. वाघांच्या नऊ असं आम्ही शिकलो; त्यातल्या तीन संपल्या. पुढे काही अभ्यासकांनी दोनच मानल्या, एक सगळ्या मुख्य भूमीवरचे आणि एक इंडोनेशियाच्या बेटांवरचे. म्हणजे आपला आणि सायबेरियाचा वाघ एकाच घरात गेले. दिसण्यात फरक आहेच. सायबेरियनची लव दाट, रंग फिका, पट्टे विरळ. सुमात्राचा लहानखुरा, गडद, पट्टे दाटीवाटीने. आपला या दोघांच्या मधला. पण भुलीचं औषध घराणं विचारत नाही, वजन विचारतं. कमी पडलं तर अर्धवट झिंगलेला वाघ माणसाच्या अंगावर येतो. जास्त झालं तर त्याचा श्वास थांबतो.

ड्रोनच्या फोटोत वाघाशेजारी नुसता ऊस. त्यावरून आकार कसा कळणार? वाघ जवळून पाहिलेला माणूस एकच होता, सोमेश्वरनगरकडचे ट्रॅक्टरवाले इब्राहिमभाई. भरलेली ट्रॉली रानातच सोडून ते पळत आले होते.

"भाई, उभा होता का तो? पाठ कुठवर आली?"

"ट्रॉलीच्या चाकाला घासून हुबा व्हता. चाकाच्या वरच्या कडंपतुर पाठ. अल्लाची शप्पत, डोळ्यानं बगितलं."

मला आनंदच झाला. माप मिळालं! रस्त्यावर दुसरी तशीच ट्रॉली उभी होती. जमिनीपासून तिच्या चाकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरला. चांगला थोराड नर. सायबेरियन नसला तरी दांडगा. मी त्या हिशेबाने डार्ट भरला. फोनवर डोस ऐकून साहेबही खूश झाले.

मग जेसीबीच्या केबिनमध्ये बसून आत निघालो. समोर काच होती. ऊस सळसळला की ऑपरेटर सुनील ब्रेक दाबायचा. एकदा अगदी जवळून गुरगुर आली. खोल, पोटात हलणारी. मी डार्टची बंदूक घट्ट धरली.

पुढे इब्राहिमभाईंची ट्रॉली दिसली. परवाच पाणी दिलेलं रान, त्यात भरलेली ट्रॉली. चाकं चिखलात पार रुतली होती. वरची कड मी मोजल्यापेक्षा वीतभर तरी खाली गेली असेल, फार तर दीड वीत. मी मोजलेली ट्रॉली डांबरावर होती आणि रिकामी होती.

"सुनील, मागे घे."

"आता? म्याडम, त्यो हितंच हाय!"

"म्हणूनच. घे मागे."

बाहेर आलो तसा गलका झाला. "म्याडम भ्याल्या!" भ्यालेच होते. वाघाला नव्हे, हातातल्या डार्टला. तात्या काडेपेटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"आमची बायामाणसं तितं ट्रॉलीवर हायती. तुमी मागं फिरताय?"

"तात्या, दहा मिनिटं. हात जोडते."

त्यांनी काडेपेटी खिशात घातली नाही. पण काडी ओढली नाही. मी दुसरा डार्ट भरला, डोस पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास. तोही अंदाजच. दुसऱ्या खेपेला वाघ ट्रॉलीमागे दबून बसलेला दिसला. काच सरकवून बार टाकला. तो उठला, दोन पावलं आमच्याकडे आला. सुनील मोठमोठ्याने देवाचं नाव घेऊ लागला. वाघ बसला. मग आडवा झाला.

जवळ गेलो. अंगभर राख. कारखान्याच्या बॉयलरची राख तात्यांनी चोपण, म्हणजे खारवट पडलेल्या, जमिनीत टाकायला आणली होती, तिच्या ढिगावर हा लोळला होता. ओल्या फडक्याने पुसलं तर खाली आपला नेहमीचा नारिंगी. पोरसवदा नर. या वयात आईला सोडून नवी हद्द शोधत वाघ शेकडो मैल चालतात, तसाच कुठून तरी आलेला.

तात्या लांबूनच म्हणाले, "म्हंजे आपलाच हाय व्हय?"

"आपलाच."

त्याचा श्वास फार संथ चालला होता. मी छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले. त्याला पिंजऱ्यात सरकवून उतारा दिल्यावर त्याने कान हलवला, तेव्हा मला रडू आलं. पिंजऱ्यासकट त्याला कारखान्याच्या वजनकाट्यावर नेलं, नंतर पिंजऱ्याचं वजन वजा केलं. दुसरा डोससुद्धा त्याला थोडा जास्तच झाला होता. पहिला मारला असता तर तो उठला नसता.

सायबेरियन म्हणणाऱ्यांना मी त्या दिवशी मनातल्या मनात हसत होते. त्यांची चूक व्हॉट्सॲपवरची होती. माझी टेप लावून केलेली होती, म्हणून ती मला खरी वाटली. साक्षीदार बरोबर सांगत असतो, पण तो जिथे उभा होता तिथे जाऊन मोजावं लागतं.

अहवालात मी 'एका डार्टमध्ये यशस्वी' असं लिहिलं. साहेबांनी शाबासकीचं पत्र दिलं. तो डार्ट दुसरा होता, हे त्यांना आजही माहीत नाही.