कुत्रा नव्हता तो

थर्झा नॅन्कॅरो कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या माळावर शाळेची बस चालवायची. उंचीला बेताची, खांद्यांनी रुंद, आणि बोलायला लागली की समोरचा आपलं म्हणणं विसरून जाई. चॅपलमध्ये पाद्रीबाबांनी चुकून मागच्याच रविवारचं स्तोत्र काढलं, तर पहिल्या बाकावरून हिचा आवाज यायचा, "ते झालंय." चुकीचं काही कानावर पडलं की तिला गप्प राहवत नसे. बाकी बाई सरळमार्गी. दारूला कधी शिवली नाही, कुणाच्या भानगडीत पडली नाही, आणि बर्फ पडला म्हणून एक दिवसही तिची बस चुकली नाही.

एका मार्च महिन्यात, दुपारी, शेवटची पोरं उतरवून ती रिकामी बस घेऊन परतत होती. हवा स्वच्छ होती, ऊन पडलं होतं. मोकळा माळ संपून दोन दगडी बांधांमधला अरुंद रस्ता सुरू होतो, तिथे डाव्या बांधावर एक जनावर बसलेलं तिला दिसलं. आधी तिला वाटलं, मेंढ्या पाळणाऱ्या हेडली बोलिथोचं कुत्रं सुटलंय. मग ते उठून उभं राहिलं आणि तिने ब्रेक दाबला. वाळलेल्या नेच्याचा असतो तसा तपकिरी रंग, लांबी मेंढीपेक्षा जास्त, अंगाच्या मानाने डोकं लहान, आणि शेपटी दोरखंडासारखी जाड, पार खाली लोंबणारी. त्याने बसकडे पाहिलं. मग निवांतपणे एक पंजा चाटला, आणि जिना उतरावा तसं बांधाच्या पलीकडे उतरून गेलं.

थर्झा थोडा वेळ तिथेच बसून राहिली. बांधापलीकडे काही हलताना दिसेना, तेव्हा तिने गियर टाकला आणि ती घरी गेली.

नवरा डेन्झिल खाणीत दगड कापायचा. तो घरी आल्यावर तिने त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो हसला. वाईट मनाने नव्हे, पण हसला, आणि म्हणाला की शेजारच्या जुडिथचं मांजर हल्ली फार माजलंय. दुसऱ्या दिवशी तिने चॅपलच्या चहाला बायकांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

तशा गोष्टी माळावर पूर्वीपासून होत्याच. मोठ्या मांजरांच्या जातीची जंगली जनावरं घरी पाळायला परवाना लागेल असा कायदा सत्तरच्या दशकात आला, तेव्हा शहरातल्या हौशी लोकांनी आपले प्यूमे आणि बिबटे गाडीत घालून आणले आणि इथे सोडून दिले, असं पबमध्ये दुसरा ग्लास भरला की कुणीतरी सांगायचंच. पण ते सांगणारे पबातले. दिवसाढवळ्या, पबातही लिंबूपाण्याशिवाय काही न पिणाऱ्या बाईने सांगणं ही गोष्ट वेगळी होती, आणि म्हणूनच लोकांना जास्त चेव आला.

बसमधली पोरं म्याव म्याव करायला लागली. थर्झाने चढावर बस थांबवली, इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "तुमचं आटपलं की सांगा." त्या दिवशी शाळेला उशीर झाला, पण म्यावम्याव तेव्हापासून बंद. मोठ्यांना कसं गप्प करायचं? एका सकाळी बसच्या पायरीवर दुधाची बशी ठेवलेली सापडली. हा उद्योग हेडली बोलिथोचा. हेडली आणि ती एका वर्गात शिकलेले. तेव्हाही तो तिच्या दप्तरात बेडूक टाकायचा. थर्झाने दूध ओतलं, बशी धुतली, आणि त्याच्या बायकोच्या हातात नेऊन दिली. "चांगल्या सेटमधली आहे, तुटली असती," एवढंच म्हणाली.

बसचे मालक मिस्टर टिपेट यांनी तिला बोलावून घेऊन आडून आडून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना. "झोप लागते," ती म्हणाली, "आणि जागी असताना दिसतंही."

उन्हाळ्यात हेडलीच्या मेंढ्या मरायला लागल्या. आधी एक, मग आठवड्याने आणखी दोन, गळे फाडलेल्या. आणि गंमत बघा, काल जे हसत होते त्यांना एकाएकी जनावर दिसायला लागलं. कुणाला बागेत दिसलं, कुणाला गाडीच्या उजेडात. सगळ्यांचं मात्र काळं. वर्तमानपत्रात आलं, 'माळावरचा काळा राक्षस'. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना तिकडे मुंग्या म्हणतात, त्या मुंग्यांची रांग लागली. पबवाल्याने पाटीवर मोठं काळं मांजर रंगवून घेतलं. थर्झा पाटीखाली उभी राहून म्हणाली, "रंग चुकलाय." पबवाला शिडीवरूनच म्हणाला, "बाई, तपकिरी मांजर बघायला कोण येतंय?"

मग टीव्हीवाले आले. सगळ्यात आधी पाहिलेली बाई म्हणून त्यांनी थर्झाला बांधापाशी उभं केलं. प्रश्न विचारणारा माणूस गोड बोलणारा होता. अंधार पडत आला होता का, त्याने विचारलं. नाही, दुपार होती. डोळे चमकत होते का? नाही. निदान घाबरलात असं तरी म्हणा, तो म्हणाला, लोकांना आपलं वाटेल.

"घाबरले असते तर म्हटलं असतं," थर्झा म्हणाली. "ते पंजा चाटत होतं. मला चहाला उशीर होत होता."

कार्यक्रम लागला तेव्हा त्यात थर्झा कुठेच नव्हती. होता हेडलीचा चुलतभाऊ, लाल डोळ्यांचं काळं धूड केवढं होतं ते हातांनी दाखवत. मोठ्या मांजरांच्या मागावर फिरणाऱ्या मंडळींनी गावच्या हॉलमध्ये सभा घेतली, तिथेही तिला बोलावलं. तिने उभं राहून सांगितलं की एकच पाहिलं, एकदाच पाहिलं, रंग तपकिरी होता, आणि ते नक्की काय होतं हे तिला ठाऊक नाही. एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले की बाकीच्या सगळ्या नोंदींशी हे जुळत नाही. "मग तुमचं तुम्ही जुळवा," असं म्हणून ती खाली बसली. म्हणजे आधी न मानणारे तिच्यावर हसले, आणि आता मानणाऱ्यांनाही ती नकोशी झाली. घरी डेन्झिल म्हणाला, जरा जमवून घ्यायला काय जातं तुझं? ती बटाटे सोलत राहिली. पण त्या रात्री जेवताना त्याच्या ताटात बटाटे कच्चे आले.

ऑक्टोबरात हेडलीची चांगली गाभण मेंढी मेली, आणि त्याचा संयम सुटला. त्याने आजूबाजूचे शेतकरी गोळा केले. शनिवारी सकाळी बंदुका घेऊन ओढ्याकाठची राई पिंजून काढायची असं ठरलं. त्या राईत शनिवारी अर्धं गाव रानमेवा वेचायला जायचं. थर्झा आदल्या दिवशी हेडलीकडे जाऊन हे सांगून आली. त्याने ऐकलं नाही.

शनिवारी सकाळी जीपगाड्या अरुंद रस्त्याला लागल्या, तर पुढे शाळेची बस. राईकडे वळणाऱ्या तोंडावर आडवी, दोन्ही टोकं बांधांना जवळजवळ टेकलेली. थर्झा आपल्या जागेवर बसून पेस्टी, तिकडची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होती.

हेडली उतरून खिडकीपाशी आला. म्हणाला, "थर्झा, बस काढ."

"काय मारायला निघालात?"

"तुला माहीत आहे काय ते."

"बशी ठेवलीस तेव्हा तर असं काही नव्हतंच. आता नसलेल्यावर गोळ्या घालणार?"

मागे एकदोघांना हसू आलं. हेडलीला आलं नाही. रात्री झोप नव्हती त्याला, डोळे सुजले होते. "मेंढ्या माझ्या मेल्यात," तो म्हणाला. "तुझ्या नाही. आणि जनावर आहे असं तूच म्हणतेस ना?"

"आहे म्हणते. त्याने तुझ्या मेंढ्या मारल्या असं मी कधी म्हटलं नाही. ते मी पाहिलं नाही, आणि तूही पाहिलेलं नाहीस." तिने पेस्टी कागदात गुंडाळून ठेवली. "मेंढ्यांचं मला वाईट वाटतं, हेडली. खरंच वाटतं. पण झुडूप हललं की गोळी, असं करून आज तुम्ही कुणाचं तरी पोर मारून घरी न्याल. मी हलणार नाही."

मिस्टर टिपेटना फोन गेला. ते यायच्या आत माळावरून धुकं उतरलं, इतकं दाट की बसचं तोंडही दिसेना. अशा धुक्यात बंदूक चालवायची नाही एवढी अक्कल सगळ्यांना होती. एकेक जीप मागे मागे जात निघून गेली. टिपेट आले, त्यांनी किल्ल्या मागितल्या. थर्झाने आधी बस सरळ करून दिली, मग किल्ल्या दिल्या, आणि धुक्यातून चालत घरी आली.

नोकरी गेली. दीड महिना ती घरात होती, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूने ते सोसलं. पडदे दोनदा धुतले गेले.

डिसेंबरात हेडलीने कळपात शिरलेला एक कुत्रा गोळी घालून मारला. मालक नसलेला, हाडापेराने मोठा, शिकारी जातीचा. दाताला लोकर लागलेली, संशयाला जागाच नव्हती. हेडलीने तो ट्रेलरवर टाकून पबच्या आवारात आणला. लोक जमले. कुत्र्याचा रंग तपकिरी होता. बघता बघता सगळ्यांच्या मनात एकच आलं, आणि गावाला हायसं वाटलं. थर्झा खोटं बोलली नव्हती, वेडीही नव्हती. तिने हा कुत्रा पाहिला होता, संपलं.

हेडली स्वतः तिला बोलवायला गेला. वाटेत टोपी हातात घेऊन म्हणाला, "मेंढ्यांच्या बाबतीत तुझं खरं निघालं. मी चुकलो." त्याच्या तोंडून असं काही निघालेलं तिने शाळेपासून ऐकलं नव्हतं. आवारात टिपेटही होते. ते म्हणाले की पेपरवाला आलाच आहे, दोन शब्द बोलून टाक, कुत्रा होता म्हण, सोमवारी बस तुझीच. नवा ड्रायव्हर दोनदा बांधाला धडकलाय.

थर्झा ट्रेलरपाशी गेली. तिने घाई केली नाही. कुत्र्याचं डोकं पाहिलं, पंजा हातात घेऊन पाहिला, शेपटी उचलून पाहिली. माणसं वाट बघत उभी होती, आणि त्यातल्या बहुतेकांना मनापासून तिचं भलं व्हावं असं वाटत होतं. डेन्झिल गर्दीच्या कडेला होता. तो तिच्याकडे बघत मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"हा कुत्रा आहे," ती म्हणाली.

"तेच तर," टिपेट म्हणाले.

"मी पाहिला तो कुत्रा नव्हता."

हेडली हलक्या आवाजात म्हणाला, "थर्झा, लांबून पाहिलंस तू. रंग तोच आहे. चूक होते माणसाची."

"होते. तुझी झाली, तू कबूल केलीस, त्यात तुझं काही कमी झालं नाही. माझी झाली असती तर मीही केली असती. झाली नाही म्हणून नाही करत." मग ती टिपेटकडे वळली. "मिस्टर टिपेट, बस तुमची आहे, कुणालाही द्या. डोळे माझे आहेत."

ती निघून गेली. मागे एकदम सगळेच बोलायला लागले. हट्टी, आडमुठी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी. डेन्झिल खाली मान घालून घरी आला. स्वयंपाकघरात ती केशर घातलेल्या बनपावांचं पीठ मळत होती, हात जरा जास्तच जोरात चालत होते.

"कुत्रा म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं," तो म्हणाला.

"या घरात इतकी वर्षं मी तुला जे जे सांगितलं ते तू मानत आलास. का मानलंस?"

तिने पिठाचा गोळा उलटून आपटला.

"मी जे नाही ते सांगत नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि एक सांग. सगळ्या गावाने विचारलं, टीव्हीवाल्याने विचारलं. तू एकदा तरी विचारलंस का, थर्झा, तू काय पाहिलंस?"

डेन्झिल खुर्ची ओढून बसला. बूटही काढले नाहीत, आणि ती त्यावरून काही बोलली नाही. त्याने विचारलं. तिने पीठ मळता मळता पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी तो हसला नाही. मध्येच थांबवून विचारत होता, कान कसे होते, उतरलं ते कुठल्या बाजूला.

बसवर ती परत गेली नाही. वसंतात खाणीवर दगडाच्या ट्रकला ड्रायव्हर हवा होता, डेन्झिलने मुकादमाला सांगितलं की माझ्या बायकोसारखा ड्रायव्हर या माळावर नाही. पुढची सगळी वर्षं तिने ट्रक चालवला. त्या बांधावरून हजारदा गेली असेल. ते जनावर तिला पुन्हा दिसलं नाही, आणि दिसलं असं तिने कधी म्हटलं नाही. माळावर असं काही आहे याचा पुरावा सापडला नाही. नाही याचाही सापडला नाही.

दोघं निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. जुलैमध्ये दुपारी पबच्या बाकावर बसली होती. तिचं लिंबूपाणी, त्याची बिअर. शेजारी बाहेरगावचं एक जोडपं पाटीचा फोटो काढत होतं. नवरा बायकोला काळ्या राक्षसाची गोष्ट सांगत होता. डेन्झिलला राहवलं नाही. "काळं नव्हतं ते," तो म्हणाला. "तपकिरी होतं. शेपटी लांब, पार खालपर्यंत."

"तुम्ही पाहिलंत?"

डेन्झिल क्षणभर घुटमळला. मग छाती काढून म्हणाला, "हो."

थर्झाने ग्लास बाकावर ठेवला. "याने काही पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी पाहिलंय."

जोडपं गेल्यावर डेन्झिल रुसून बसला. म्हणाला, "तुझ्याच बाजूने बोलत होतो ना मी."

"ठाऊक आहे मला." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी म्हण, माझ्या बायकोने पाहिलंय. तेवढं खरं आहे, आणि तेवढं पुरे."

त्यानंतर कुणी विचारलं की तो तसंच सांगायचा, आणि कुणी हसलं तर ग्लास खाली ठेवून, उभा राहून, पुन्हा एकदा सांगायचा.